पिनकोड बरोबरच होता

फेब्रुवारी संपत आला की आमच्या साइटवर देवगड हापूसचं बुकिंग सुरू होतं. बाग बाबा बघतात, साइट मी. गेल्या हंगामात गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या फनेलमध्ये, म्हणजे ग्राहक खरेदीच्या कुठल्या पायरीवरून निघून जातात ते दाखवणाऱ्या तक्त्यात, रोज तेच दिसायचं: लोक पेटी निवडतात, कार्टमध्ये टाकतात, पत्त्याच्या पानापर्यंत येतात आणि निघून जातात.

बाबांचं मत ठाम होतं. "कुरिअरचा भाडा बघून लोक परत जातत गो." मलाही पटलं. आम्ही भाडं कमी केलं, प्रत्येक पेटीमागे खिशातले पैसे घातले. फरक काहीच पडला नाही. लोक कुठे थांबतात हे फनेल सांगत होतं. ते का थांबतात, हे आम्ही आमच्या मनानेच ठरवलं होतं.

मग मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी लावलं. ते फुकट आहे आणि पानावर माणूस कुठे बोट ठेवतो, कुठे अडतो याचं रेकॉर्डिंग दाखवतं. पेट्या भरून झाल्या की रात्री मी ती बघत बसायचे. एकच दृश्य पुन्हा पुन्हा. पिनकोडच्या चौकटीत सहा ठिपके. बटण. लाल ओळ. सगळं खोडलं. परत सहा ठिपके. बटण, बटण, बटण. क्लॅरिटी याला 'रेज क्लिक' म्हणतं. मला तो शब्द पटत नाही. समोरचा माणूस चिडलेला नसतो, आपलं काय चुकतंय हेच त्याला कळत नसतं.

ठिपके अशासाठी, की चौकटीत टाइप केलेलं क्लॅरिटी झाकून ठेवतं. ते तसंच असायला हवं. कुणाचा पत्ता मी बघत बसणं बरोबर नाही. पण त्यामुळे नेमकं काय चुकतंय ते मला दिसत नव्हतं.

ते कळलं फोनवर. कोथरूडच्या एक मावशी, बाबांकडून वर्षानुवर्षं आंबा घेणाऱ्या. "अगं, सहा वेळा पिनकोड घातला, चुकीचा आहे म्हणतंय. तीस वर्षं याच पत्त्यावर राहते मी!" त्यांना स्क्रीनशॉट पाठवायला सांगितलं. चौकटीत स्वच्छ लिहिलेलं होतं: ४११०३८.

त्यांच्या फोनचा कीबोर्ड मराठी आहे. आमच्या फॉर्मला फक्त इंग्रजी आकडे कळत होते. जावास्क्रिप्टमध्ये अंक ओळखायला जी नेहमीची खूण वापरतात, तिच्यात देवनागरी अंक बसतच नाहीत. वर चूक सांगणारा संदेशही इंग्रजीत. साइटवर आंबा अढीत कसा घालायचा हे मी मराठीत लिहिलं होतं, आणि मराठीत पिनकोड लिहिणाऱ्याला दारातूनच परत पाठवत होते. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. तपासणीआधी देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घ्यायचे. शिवाय त्या चौकटीला बोट लावलं की थेट आकड्यांचा कीपॅड उघडेल अशी सोय केली. मोबाइल नंबरच्या चौकटीतही तीच चूक निघाली. लाल ओळ आता मराठीत येते आणि काय हवंय ते सांगते.

एक गोष्ट मात्र हातची गेली. आधीच्या वर्षीही लोक याच पायरीवर अडत होते का, हे बघायला गेले तर अ‍ॅनालिटिक्सच्या एक्स्प्लोरेशनमध्ये, म्हणजे तपशील खोदून बघायच्या भागात, काहीच नाही. जीए४ मध्ये, म्हणजे आताच्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये, तो तपशील मुळात २ महिनेच राहतो. सेटिंगमध्ये जाऊन तो १४ महिन्यांवर न्यावा लागतो. नेहमीच्या रिपोर्टमधल्या बेरजा शिल्लक राहतात, पण असं पायरीपायरीने मागे जाऊन बघता येत नाही. आमच्यासारखा ज्यांचा धंदा वर्षातून तीन महिन्यांचा, त्यांना २ महिने म्हणजे मागचा हंगाम पुसलाच. तुमचंही काही हंगामी असेल, फराळ, राख्या, गणपतीच्या मूर्ती, तर ते सेटिंग आजच बदला. बदल केल्यावर जुनं परत मिळत नाही.

यंदा बुकिंग उघडल्यावर पहिल्या रात्री मी फक्त पत्त्याच्या पानाची रेकॉर्डिंग बघितली. सहा ठिपके, बटण, पुढचं पान. सकाळी ऑर्डरींच्या यादीत ४११०३८ होता. मावशींना पाच डझनाची पेटी अक्षय्य तृतीयेच्या आधी हवी आहे.