६ किलो ६३५ ग्रॅम, पैठणीसकट

जमलं एकदाचं! काल रात्री काट्यानं ६ किलो ६३५ ग्रॅम दाखवले, आणि सॅकमध्ये पैठणी होती. विश्वास बसेना म्हणून काटा खिडकीच्या गजाला अडकवून सॅक पुन्हा टांगली, तरी आकडा तोच. नवऱ्याला हलवून उठवलं, तर "बरं" म्हणून त्यानं कूस बदलली. ७ किलोच्या आतली एकच सॅक घेऊन फिरणाऱ्या तुम्हा मंडळींनाच ही गोष्ट कळेल, म्हणून ही नोंद.

गाडी कुठे अडली होती ते तुम्हाला माहीत आहे. मुंबई-सिंगापूर विमान, केबिन बॅग ७ किलो, पुढे चार रात्रींची क्रूझ: पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. फॉर्मल नाइटचे, म्हणजे जहाजावर नटूनथटून जेवायला जायच्या रात्रीचे, कपडे सोडून बाकी सगळं, सॅकच्या स्वतःच्या वजनासकट, ५ किलो ९०० वर आणून ठेवलं होतं आणि तिथून ते ढिम्म हलत नव्हतं. काउंटरवरचा काटा आणि आपला काटा यांचं कधीच पटत नाही, त्यामुळे मी हद्द ६८०० ची धरते. म्हणजे फॉर्मल नाइटच्या वाट्याला आले फक्त ९०० ग्रॅम. पर्सचे वेगळे ३ किलो इंडिगोच्या नियमात आहेत, हे मला पुन्हा कुणी सांगू नका. त्या भरवशावर पॅकिंग करायचं म्हणजे ७ किलोचा खेळच संपला. पर्समध्ये पासपोर्ट, औषधं आणि पॉवर बँक. बस.

"क्रेपचा काळा ड्रेस घे आणि मोकळी हो," असं तुमच्यापैकी बहुतेकांचं म्हणणं. मान्य. माझा काळा ड्रेस १८० ग्रॅमचा आहे, कोंबला तरी सुरकुती पडत नाही. पण या वेळी आम्ही चौघी जावा-नणंदा आहोत, आणि मोठ्या जाऊबाईंनी फर्मान काढलंय की जहाजावरच्या फोटोत सगळ्या पैठणीतच पाहिजेत. त्या दोन मोठ्या बॅगा चेक-इन करणार, त्यांचं काय जातंय! वन्सं म्हणाल्या, "तुझी पैठणी माझ्या बॅगेत टाक की." प्रेमानं म्हणाल्या, पण ती पळवाट झाली. शिवाय क्रूझच्या टर्मिनलवर मोठी बॅग एकदा हमालाच्या ताब्यात दिली की ती केबिनच्या दाराशी येईपर्यंत कधी कधी संध्याकाळ उलटते, आणि शेवटच्या रात्री ती झोपायच्या आधी दाराबाहेर काढून ठेवावी लागते. मला माझं सामान पाठीवर घेऊन चढायचंय आणि पाठीवर घेऊनच उतरायचंय. टर्मिनलच्या बाहेर मरिना साउथ पिअरची मेट्रो आहे. बॅगेवरच्या रंगीत पट्टीचा नंबर पुकारला जाईपर्यंत ताटकळणाऱ्यांच्या शेजारून सरळ चालत जाऊन ती पकडायची, हेच तर सुख आहे.

तर हिशेब. मूळ यादी अशी होती: लग्नातली पैठणी ९८०, परकर २६०, पॅडचं रेशमी ब्लाउज १९०, टाचेच्या सँडल ५२०. बेरीज १९५०. हद्द ९००.

पहिला हात पैठणीलाच घातला. स्वयंपाकघरातला काटा दिवाणखान्यात आणला आणि घरातली प्रत्येक पैठणी त्यावर ठेवली. माझी लग्नातली जड का, ते उलटी केल्यावर लगेच दिसलं. अंगभर ब्रोकेड, आणि मागच्या बाजूला लोंबत्या धाग्यांचं रान. हातमागावर विणलेल्या पदराला उलटसुलट नसतं, मोर दोन्हीकडून सारखाच दिसतो. यंत्रमागाच्या पैठणीत नक्षीचे धागे मागे मोकळे राहतात. ते वजनात भर घालतात आणि बांगडीत अडकतात ते निराळंच. सासूबाईंची येवल्याची आहे, बारीक नारळी काठाची, अंगावर विरळ बुट्टी. ती भरली ६४०. एका फटक्यात ३४० ग्रॅम गेले. सासूबाईंनी दिली हो, पण सोबत एवढंही सुनावलं, "ने. पण त्या जहाजावरच्या लाल सूपपासून लांब बस."

रेडिमेड, शिवलेल्या साडीचा सल्लाही आला होता. एक तर त्याला पट्टा, हूक, अस्तर आलं, म्हणजे वजन तिथल्या तिथेच. आणि सासूबाईंच्या पैठणीला कात्री लावायची हिंमत कुणात असेल तर तिनं पुढे यावं.

ब्लाउजचा प्रश्न सोपा निघाला. काळं होजिअरीचं, ताणलं जाणारं, कोपरापर्यंत बाह्या असलेलं रेडिमेड ब्लाउज ९५ ग्रॅम. धुऊन टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभं राहिलं की पाणी निघून जातं, आणि बाथरूममधल्या ओढायच्या दोरीवर सकाळपर्यंत सुकतं. फुकेतला तेच पलाझोवर टॉप म्हणून चालेल. एका वस्तूला दोन नोकऱ्या असल्याशिवाय तिला सॅकमध्ये जागा नाही, हा आपला जुनाच नियम.

मग आला परकर, आणि त्यानं मला रडवलं.

२६० ग्रॅमचा सुती परकर, ज्याचा उपयोग अख्ख्या प्रवासात एका संध्याकाळी चार तास. हा माझ्या डोळ्यात किती खुपत होता ते सांगता येत नाही. पहिला उपाय म्हणून साडीखाली घालायचं शेपवेअर मागवलं. ते भरलं २४०, म्हणजे वाचले २० ग्रॅम, आणि त्या ऑनलाइन दुकानाचा मापांचा तक्ता तर शुद्ध थाप होती. परत पाठवलं. मग लक्षात आलं की नाडीचा काळा क्रेप पलाझो सॅकमध्ये आधीच आहे, ५९०० मध्ये मोजलेला. तोच परकर समजून त्यावर साडी नेसली तर परकराचं वजन शून्य!

कागदावर शून्य. प्रत्यक्षात क्रेप गुळगुळीत, पैठणी जड, आणि निऱ्या अशा घसरतात की विचारू नका. नेसून आरशासमोर उभं राहिलं तर सगळं झकास. आमच्या इमारतीचा जिना चढायला लागले आणि दुसऱ्या मजल्यावर निऱ्या बेंबीच्या खाली, तिसऱ्यावर हातात. नाडी आवळली तर श्वास अडकतो आणि निऱ्या तरीही सरकतात, कारण दोष नाडीचा नव्हता, कापडाला पकडच नव्हती. पैठणीला सेफ्टी पिन लावायची नाही, हे तर ठरलेलंच. रेशमात भोक पडलं की ते वाढतच जातं, शिवाय दुसऱ्याची साडी. पलाझोच्या कमरेला आतून सुती पट्टी शिवून घ्यायचा विचार केला. शिंपीदादा म्हणाले, "ताई, मग तो पलाझो राहणार नाही." बरोबर बोलले. बंदरावर जेवायला जाताना तोच घालायचाय.

उत्तर कमरेलाच होतं. पासपोर्ट आणि पैसे ठेवायचा चपटा पट्टा, जो मी प्रवासात कपड्यांच्या आत बांधते. तो जाड कॅनव्हासचा आहे, खरबरीत. पलाझोची नाडी बांधायची, त्यावर हा पट्टा बांधायचा, खिसा पाठीकडे, आणि निऱ्या पट्ट्याच्या मागे खोचायच्या. खरबरीत कॅनव्हास रेशमाला धरून ठेवतो. जिना चढले, उतरले, धावत चढले, फरशी पुसली, मुलीनं गाणं लावलं तर चार गिरक्याही घेतल्या. निऱ्या जागच्या जागी. पट्टा अंगावर असतो, त्यामुळे सॅकमध्ये त्याचं वजन नाही. आणि केबिनचं किल्लीवजा कार्ड ठेवायला साडीत खिसा मिळाला तो वरकड नफा. बायकांच्या कपड्यात खिसा!

परकर सुटल्यावर घडीचा विचार केला. जरीची साडी कॉम्प्रेशन क्यूबमध्ये, म्हणजे कपडे दाबून बसवायच्या झिपच्या पिशवीत, घालून झिप आवळू नये. कडक घडीवर जर मोडते आणि मग तिथे कायमची रेघ राहते. इस्त्री आणि स्टीमर जहाजावर नेताच येत नाहीत, आगीच्या भीतीनं तपासणीत काढून घेतात. गरम पाण्याच्या वाफेत टांगायची युक्ती सिंथेटिकला ठीक, पण रेशमावर पाण्याचा थेंब उडाला तर डाग राहतो. म्हणून मी पैठणी उभी चौपदरी केली, पदर आतल्या बाजूला, मध्ये पांढरी मलमलीची ओढणी घातली आणि रात्रीच्या कपड्यांच्या मऊ गुंडाळीभोवती सैल गुंडाळली. कुठेही कडक घडी नाही. ही गुंडाळी सॅकमध्ये सगळ्यात वर, पाठीच्या बाजूला. मलमल आधीपासून यादीत होतीच, विमानातल्या एसीसाठी आणि फुकेतच्या उन्हासाठी. दोन दिवस तशीच ठेवून उघडली, तर हँगरला टांगल्यावर तासाभरात नेसण्याजोगी झाली. क्यूबचं म्हणाल तर माझा जांभळा मधला क्यूब झिपेपाशी उसवला. इतक्या स्वस्तात कॉम्प्रेशन मिळत नाही, हे आता मान्य. साध्या जाळीच्या पिशव्या बऱ्या.

राहिल्या सँडल. साडी पायघोळ, पाय दिसतच नाहीत. मग पूल आणि समुद्रासाठी घेतलेल्या काळ्या, हलक्या रबरी चपला आत घातल्या तर कोण बघतंय? ५२० चे शून्य झाले. ५९०० अधिक ६४० अधिक ९५, असे ६६३५.

इथपर्यंत लिहून झालं होतं आणि धाकट्या जाऊचा फोन आला. तिला पट्ट्याचं सगळं रामायण ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "वहिनी, काष्टा का नाही नेसत? काष्ट्याला परकर लागतोच कुठे?"

फोन ठेवून आधी आईची नऊवारी काट्यावर ठेवली. ९५० च्या वर. साहजिक आहे, सहावारीच्या दीडपट कापड. परकर गेला तरी साडी तेवढ्यानं वाढली, म्हणजे हाती भोपळा. पण सहावारीचाच काष्टा नेसतात की हल्ली, खाली लेगिंग घालून. आणि काळी लेगिंग मी विमानात अंगावरच घालणार आहे! मग पलाझोच नको. तो आहे २२० ग्रॅम. बंदरावर लेगिंग आणि कुर्ता चालेल.

लगेच नेसून पाहिली. लेगिंग होजिअरीची, तिला पकड आहे, निऱ्या घसरत नाहीत. मागचा काष्टा पक्का बसला की जिना सोडा, फुगडीसुद्धा घालता येईल, आणि जहाज डोलत असताना पायात साडी अडकायची भीती नाही. हे मला फार आवडलं. तोटे दोन. सहावारीत कापड काष्ट्यात खर्च होतं, पदर आखूड येतो, आणि सासूबाईंच्या पदरावरचे मोर अर्धे कमरेशी दडपून जातात. दुसरं म्हणजे पाय दिसतात. पैठणीच्या काष्ट्याखाली रबरी चपला? जाऊबाई जहाजावरून खाली ढकलतील. म्हणजे कोल्हापुरी आल्या, ३०० ग्रॅम. पलाझोचे २२० वजा, कोल्हापुरीचे ३०० अधिक: ६७१५. हद्दीच्या आत, पण काठावर, आणि येताना सिंगापुरात काहीही घ्यायचं नाही अशी शपथ घालून घ्यावी लागेल.

८० ग्रॅमसाठी आता माझ्या डोक्याचा भुगा झालाय. मन काष्ट्याकडे, काटा पट्ट्याकडे. कोल्हापुरी विमानात पायात घालून बूट घरी ठेवावेत, असाही एक विचार मधेच आला. पण डिसेंबरात सिंगापूरला ईशान्य मोसमी पाऊस असतो, आणि भिजलेलं कातडं वाळवत बसायला बाल्कनीत काही टांगू देत नाहीत. तेव्हा ते नको.

बाकी किरकोळ. शॅम्पूची वडी आणि दाताची पावडर घेतल्यापासून द्रवपदार्थांची एक लिटरची पिशवी निम्मी रिकामी आहे, आणि तिथे मी मिजाशीत ५० मिलीचं अत्तर ठेवलंय. बोट लागण्यावर अवोमिनची गोळी आहेच, पण आलेपाकाच्या वड्याही घेतल्यात. खोकल्याचं औषध नेणारे आधी बाटलीवर कोडीन आहे का ते पाहा, सिंगापुरात त्यावर निर्बंध आहेत. आपले दोन गोल पिनांचे चार्जर जहाजावरच्या युरोपियन सॉकेटमध्ये बसतात. चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर फक्त सिंगापूरच्या हॉटेलसाठी, तो नवऱ्याच्या बॅगेत. (ही पळवाट नाही, तो त्याचाही फोन आहे.)

रविवारी भाचीचं डोहाळजेवण आहे. तिथे काष्टा नेसून जाते, पंगतीत वाढते, वाकते, उठते. टिकला तर काष्टा, नाहीतर पट्टा. कुणी सहावारी काष्टा पैठणीत नेसून नाचलं असेल तर ओचा कसा खोचला तेवढं सांगा. माझा तिथेच सैल पडतोय.