सफारीच्या पकडीतल्या दोन खाचा

गेल्या वर्षी मी ऑनलाइन एक लामी सफारी हे शाईचे पेन मागवले. किंमत नेहमीपेक्षा बरीच कमी होती, विक्रेता अनोळखी होता, तरीही मोह आवरला नाही. पेन हाती आले तेव्हा तारेची वाकवलेली क्लिप, टोपणाच्या माथ्यावरची फुली, अंगावर उमटवलेले लामीचे नाव, सारे जिथल्या तिथे होते. शंका आली ती शाई भरायला बसल्यावर. माझ्या जुन्या सफारीचा कन्व्हर्टर, म्हणजे बाटलीतली शाई ओढून घेणारी सुटी नळी, या पेनात बसवायला गेलो, तर तो नीट धरेना; हात सोडला की ढिला होऊन बाहेर येई.

दोन्ही पेने उघडून भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवली आणि उलगडा झाला. सफारीसाठी लामीचा जो कन्व्हर्टर मिळतो, त्याच्या दोन बाजूंना मोहरीएवढे दोन उंचवटे असतात, आणि बोटांनी धरायच्या भागाच्या, म्हणजे पकडीच्या, मागच्या काठावर त्यांच्यासाठी दोन खाचा असतात. उंचवटे खाचांत बसले की कन्व्हर्टर हलत नाही. नव्या पेनात तो काठ सरळ, गोल कापलेला होता. बाहेरचा प्रत्येक वळसा निगुतीने उतरवणाऱ्याने, विकत घेणारा जिथे सहसा पाहत नाही तो भाग सोडून दिला होता. तेव्हापासून कोणतेही सफारी पारखताना मी आधी ते उघडतो. रंग आणि अक्षरे नंतर पाहतो.

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या लामी कंपनीने सफारी १९८० साली बाजारात आणले, तेच मुळी शाळकरी मुलांसाठी. बोटे योग्य जागी टेकावीत म्हणून धरायचा भाग तिकोनी घडवलेला आहे आणि शाई किती उरली हे दिसावे म्हणून अंगाला खिडकी आहे. ही रचना इतकी सोयीची ठरली की चीनमध्ये तिच्या चेहऱ्यामोहऱ्याची अनेक पेने निघाली. त्यांतले जिनहाओ ५९९ मी स्वतः वापरतो. ते स्वस्त आहे, हलके आहे, आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर जिनहाओ हेच नाव आहे. अशा पेनाला नकली म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मिळतेजुळते रूप घेऊन स्वतःच्या नावाने विकले जाणारे पेन आणि दुसऱ्याचे नाव अंगावर कोरून विकले जाणारे पेन, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. माझी तक्रार फक्त या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

निबेचीही परीक्षा करावी. सफारीची पोलादी निब जिभेवर, म्हणजे निबेखालच्या शाई पोचवणाऱ्या भागावर, सरकवून बसवलेली असते. तिच्यावर चिकटपट्टी लावून सरळ पुढे ओढली की ती निघते आणि तशीच परत बसते. माझ्या फसव्या पेनाची निब निघाली खरी, पण परत बसवल्यावर किंचित डुगडुगू लागली. कोऱ्या अस्सल सफारीत अंग आणि पकड यांच्यामध्ये पुठ्ठ्याची एक बारीक कडी असते, म्हणजे आतले कार्ट्रिज, शाईने भरलेली बंद नळी, वाटेत फुटत नाही. मात्र कडी दिसली एवढ्यावर पेन अस्सल मानू नये, कारण पुठ्ठा कापणे कोणालाही जमते.

अशी रूपसाम्याची परंपरा जुनी आहे. १९४१ साली विक्रीस आलेल्या पार्कर ५१ ची निब टोकापुरतीच बाहेर डोकावते, आणि आपल्याकडे घरोघरी असलेल्या चिनी हिरो ६१६ ने तेच रूप घेतले. फरक पाहायचा तर पुढचे आवरण काढावे लागते: पार्करची निब सहसा सोन्याची आणि नळीसारखी गोल असते, हिरोची पोलादी आणि खालून उघडी. पुढे हिरोचा खप एवढा झाला की त्याच्याच नावाची नकली पेने बाजारात आली.

महागड्या पेनांच्या बाबतीत तर आतला भाग आणखी स्पष्ट बोलतो. माँब्लाँ कंपनीच्या १४९ या पेनामध्ये शाई ओढणारा दट्ट्या पेनाच्या अंगातच बांधलेला असतो. त्यामुळे १४९ म्हणून दाखवलेले पेन मधोमध उघडले आणि आत सुटा कन्व्हर्टर निघाला, तर निबेवर ४८१० हा माँब्लाँचा ओळखीचा आकडा कितीही सुबक कोरलेला असला तरी पुढे पाहण्याची गरज उरत नाही.

ते फसवे सफारी मी परत पाठवले. आता जुने पेन विकत घेण्यापूर्वी मी विक्रेत्याकडे एकच छायाचित्र मागतो, पकड अंगापासून वेगळी करून मागच्या काठाचे. या जूनमध्ये भाचीला शाळेसाठी शाईचे पेन हवे होते, तेव्हा तिला जिनहाओ ५९९ दिले आणि त्यावरचे नाव तिच्याकडूनच वाचून घेतले.