कपाट-मोहीम: गाडी आता ब्लाऊजांवर आली

ऑक्टोबर हीटला सगळे नावं ठेवतात, पण साड्यांना उन्हं दाखवायला तिच्यासारखा मुहूर्त नाही. यंदाचं ते काम उरकलं. उन्हं म्हणजे अर्थात सुती साड्यांना. रेशमी साड्या आतल्या खोलीत, दोरीवर जुनं धोतर पसरून त्यावर, पंख्याखाली. डोंबिवलीच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येतेच, म्हणून लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलंय. खोली थोडी अडते, अडू दे. खालच्या कप्प्यातल्या टसरवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले. पूर्ण वाळू दिले आणि गॅलरीत मऊ ब्रशने झटकले. ओले असताना पुसले तर ते धाग्यात बसतात.

साड्या बाहेर होत्या तेवढ्यात न नेसलेल्यांची यादी केली. साडीपुढे कारण लिहायचं, एवढंच. रंग आवडत नाही, फार जड आहे, पिको निघालाय अशी किरकोळ कारणं होती, पण निम्म्याहून जास्त ठिकाणी एकच कारण: ब्लाऊज होत नाही. साड्या कितीही सुंदर रचा, अंगात जाणारा ब्लाऊज नसेल तर ती घडी जिथली तिथेच राहणार. म्हणून या फेरीत साड्यांना हात न लावता ब्लाऊजांचा ढीग घेऊन बसले.

आधी प्रत्येक ब्लाऊज उलटा करून शिवण पाहिली. आमच्या जुन्या टेलरकाकांनी दोन्ही बाजूंना बोटभर माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड, सोडलेली असायची आणि त्यावर दोन-तीन समांतर टिपा, म्हणजे एक उसवली की ब्लाऊज तेवढा सैल. हल्ली शिवून आणलेल्या काही ब्लाऊजांत माया जवळजवळ कापूनच टाकलेली आणि कडेला इंटरलॉक. त्यांचं काहीच होत नाही. यापुढे कापड देतानाच बजावणार आहे.

गर्द जांभळ्या रेशमी ब्लाऊजची टीप उसवली तेव्हा आतलं कापड नवंकोरं निघालं, बाहेरच्यापेक्षा दोन छटा गडद. दोन्ही रंगांच्या मधोमध जुन्या सुईच्या भोकांची ओळ. सुतात ती धुतल्यावर बुजते, रेशमात राहते. वरून ओलसर मलमल ठेवून हलकी इस्त्री फिरवली तर भोकं बरीच मिटली, छटेतला फरक मात्र गेला नाही. पण तो येतो नेमका हाताखाली, आणि वरून पदर. चालतंय.

उसवण्याआधी बगलेचा भाग उजेडासमोर धरून बघा. घामाने रेशीम कुजतं. धागे विरळ दिसले तर टीप उसवून उपयोग नाही, पहिल्याच ताणाला फाटणार. तिथे मी बगलेत साध्या सुती कापडाचा चौकोनी तुकडा घालून घेतला. हात वर केल्याशिवाय दिसत नाही आणि दंडालाही थोडा मोकळेपणा मिळतो.

जे ब्लाऊज कामातूनच गेले, त्यांच्या साड्यांना खणाचे ब्लाऊज लावायचं ठरवलंय. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण इरकलवर तर शोभतोच, पण साध्या नारायणपेठवरही खुलतो. एक हिरवा आणि एक जांभळा असला की बऱ्याच साड्या मार्गी लागतात. घेताना कडेचा एक धागा काढून जाळून बघावा. सूत कागदासारखं जळून राख होतं, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. पॉलिस्टर वाईट असं नाही, पण मे महिन्यातल्या लग्नात ते अंगावर असलं की कळतं.

आता रचना. रंगवार लावलेलं कपाट फोटोत छान दिसतं, माझ्या मात्र काही कामाचं नाही. मी कापडावार लावते, कारण काळजी कापडावार वेगळी. आणि वर्षभरात वापरलं नाही ते काढून टाका हा नियम कुर्त्यांना ठीक. शालू लग्नसराईतच बाहेर येतो, म्हणून तो बोहारणीला देऊ का? ब्लाऊज आणि परकर आता साडीच्या घडीतच ठेवलेत, तिन्ही मिळून एका मलमलच्या पिशवीत. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या सगळ्या बाद, आत दमटपणा कोंडतो. कडक खळीच्या सुती साड्या धुऊन, खळ काढूनच आत ठेवल्या. कसरीला, म्हणजे कपडे खाणाऱ्या किडीला, स्टार्च फार आवडतो.

डांबराच्या गोळ्या मी बंद केल्यात. वास जाता जात नाही, आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्या नकोच. त्यांच्या जागी वेखंडाचे तुकडे आणि लवंगा पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात. वास उतरला की पुरचुंडी बदलायची. आणि खरा बंदोबस्त म्हणजे कपडे स्वच्छ ठेवणं. घामाचा किंवा जेवणाचा डाग राहिलेलं रेशीम किड्यांना आधी सापडतं.

पैठणीसाठी कापडाच्या दुकानातून ताग्याची रिकामी पुठ्ठ्याची नळी मागून आणली. तिच्यावर मलमलचे दोन वेढे दिले, कारण पुठ्ठा थेट लागला तर कापड पिवळं पडतं. मग पैठणी सैलसर गुंडाळली. जरीवर घडी पडून राहिली की तिथेच ती तुटते. नळीला जागा नसेल तर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, मोड दर वेळी वेगळ्या ठिकाणी. अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे गुंडाळताना मी सुलटं-उलटं बघत बसले आणि आई हसली.

आजीच्या रेशमी नऊवारीचं अडलंय. घड्यांवर विरलीय, नेसता येणार नाही. काठ मात्र शाबूत. आईचं म्हणणं काठ काढून ओढणीला लावावेत. मला आधी पदराचा भाग मागून अस्तर लावून वाचतो का ते बघायचंय. रफूवाल्याला दाखवल्याशिवाय कात्री लावणार नाही. सुती नऊवाऱ्यांचा प्रश्नच नाही, त्या गोधडीला जाणार. एकेक आठ मीटरच्या वर असते, गोधडीचा वरचा आणि खालचा थर आरामात निघेल.

राहिलेलं काम: इरकलचा पदर. त्याचा लाल रंग पाण्यात सुटतो आणि अंगावरच्या सुती भागाला लागतो. सध्या नुसती हवा देऊन ठेवलीय. कुणी घरच्या घरी धुतली असेल तर पाणी किती गार होतं आणि पदर वेगळा बांधून ठेवला होता का, तेवढं सांगा. पुढच्या फेरीत परकरांचे रंग आणि नाड्या.