राजगड-तोरणा: जोडून सुट्टीत जाणाऱ्यांसाठी चार खडे बोल

राजगड-तोरणा ट्रेकच्या जाहिरातीत ‘सोपा ते मध्यम’ असं लिहिणाऱ्याला तोरण्याच्या बुधला माचीखालच्या (माची म्हणजे गडाची तटबंदी घातलेली सोंड) निसरड्या घसाऱ्यावर भर दुपारी दोन वाजता उभं करावं, पाठीवर भरलेली सॅक द्यावी आणि मग विचारावं, ‘काय, कसं वाटतंय?’

२६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी होती, म्हणून आम्ही मित्रमंडळींनी एका आयोजकाकडे पैसे भरले. ठरलं होतं असं: पहिल्या दिवशी राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून राजगड, रात्री पद्मावती माचीवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी ‘सपाट डोंगरधारेवरून चार तासांत’ तोरणा आणि संध्याकाळी तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात उतरायचं. यातलं गुंजवणं तेवढं खरं निघालं.

राजगडावर रात्री राहू देत नाहीत. हे आम्हाला कळलं गुंजवण्यात, चहा पिताना, गाववाल्यांकडून. आयोजकाचा पोरगा म्हणे, ‘वर गेल्यावर बघू.’ वर गेल्यावर काय बघायचं? सूर्यास्ताआधी सगळे खाली. म्हणजे शनिवारी चोरदरवाज्याने चढलो, संध्याकाळी त्याच वाटेने उतरलो, गावात एका घरी पिठलं-भाकरी खाऊन पडवीत झोपलो आणि रविवारी पहाटे चारला विजेऱ्या लावून पुन्हा तोच चढ. चोरदरवाज्याची शेवटची टप्प्याटप्प्याची चढण जोडून सुट्टीत म्हणजे स्वारगेटचा बसस्टँड. रेलिंगला लटकून अर्धा तास उभं राहायचं, कारण वर कुणाचा तरी फोटो चाललेला असतो.

तेव्हा पहिली गोष्ट. राजगड पहिल्या दिवशी नीट पाहून झाला असेल तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चढू नका. राजगड आणि तोरण्याच्या मधल्या खिंडीतून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता ही धार ओलांडतो. पहाटे गाडीने तिथे उतरा आणि थेट तोरण्याकडे निघा. ‘पण मग रेंज ट्रेक (एका गडावरून दुसऱ्या गडावर धारेने चालत) पूर्ण कुठे झाला?’ असं विचारणारा ग्रुपमध्ये एक असतोच. त्याला एकट्याला चढू द्या.

आम्ही पूर्ण केला. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी सकाळच्या उन्हात सुंदर दिसते, त्याबद्दल सगळेच लिहितात. अळू दरवाज्यातून बाहेर पडल्यावर उतार तीव्र आहे, मुरमाड आहे, पण शुद्धीवर असलेला माणूस उतरतो. पुढे कारवीतून, वाळल्या गवतातून धार चालत राहते. मध्ये झाडीचे पट्टे आहेत, सावली मिळते. खिंडीत एक मावशी लिंबूसरबत घेऊन बसल्या होत्या. ग्लास तीस रुपये. द्या, घासाघीस करू नका, त्या भांडं डोक्यावरून आणतात.

खिंडीनंतरचं मात्र सविस्तर लिहितो, कारण आधी कुणी सांगितलं असतं तर आमच्यातले दोघे आलेच नसते. पहिला चढ सरळ आहे, धनगराची घरं लागतात. इथे पाणी मिळालं तर भरून घ्या, मिळेलच असं धरून चालू नका. मग तोरणा समोर दिसायला लागतो आणि इथेच माणूस फसतो. बुधला हाताशी आल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात मध्ये टेपाडं आहेत. एक चढलं की मागे दुसरं. जानेवारीतही अकरानंतर या धारेवर ऊन टाळक्यात बसतं. गवत इतकं वाळलेलं की बूट त्याच्यावरूनच घसरतो.

शेवटी घसारा. पायाखाली बारीक खडी, माती कोरडी भुग्याची, दोन्ही बाजूंना उतार. धरायला गवताच्या जुड्या, त्याही मुळासकट हातात येतात. पुढचा माणूस पाऊल टाकतो ते दगड मागच्याच्या नडगीवर. आयोजकाने चाळीसेक माणसं एका रांगेत सोडली होती, मध्ये अंतर ठेवा म्हणून सांगायलाही कुणी नव्हतं. पुढारी पुढे, शेवटचा मदतनीस गायब. नंतर कळलं, तो खिंडीतूनच गाडीने वेल्ह्याला गेला होता! वरच्या कातळटप्प्याला शिडी आहे, ती पक्की आहे, तिची भीती नको. भीती तिच्या खालच्या मातीची धरा. आम्हाला एवढ्या तुकड्याला दीड तास लागला आणि तोपर्यंत निम्म्या लोकांच्या बाटल्या रिकाम्या होत्या.

माणशी चार लिटर पाणी, कमी नाही. बुटाचा तळ झिजलेला असेल तर नवे घ्या किंवा येऊ नका. आठपेक्षा जास्त माणसं एका वेळी घसाऱ्यावर नकोत. ‘उलट, तोरण्याहून राजगडला केलं तर सोपं’ असं ऐकाल. चूक. तोच घसारा मग उतरावा लागतो, तोही दिवसाच्या सुरुवातीला, थंड गुडघ्यांनी. चढणं बरं, फक्त अकराच्या आत तिथे पोहोचा.

वर पोहोचल्यावर कोकण दरवाज्यापाशी वारा लागला तेव्हा मी अक्षरशः ओरडलो. तोरणा १४०३ मीटर उंच आहे, आणि त्या क्षणी त्यातला प्रत्येक मीटर मला माझा वाटत होता. मेंगाईच्या देवळात टेकलो. झुंजार माची पाहायची राहिली, कुणाच्याच पायात जीव नव्हता. बिनी दरवाज्याने वेल्ह्याकडची उतरण रेलिंगची आहे, लांब आहे, अंधारातही होते.

आता लुटीची गोष्ट. गाड्या गुंजवण्यात, तुम्ही वेल्ह्यात. मध्ये मार्गासनी-साखरवरून रस्ता, तासाभराचाही नाही. रात्री आठला जीपवाल्याने अडीच हजार मागितले. दमलेला माणूस दिसला की भाव चढतो. दोन हजारांवर तुटलं, वर ‘साहेब, सुट्टीचा रेट आहे’ हे ऐकून घ्यावं लागलं. आयोजकाचं म्हणणं, परतीची गाडी पॅकेजमध्ये नाही. जाहिरातीत ‘पुणे ते पुणे’ छापलं होतं, त्याचा फोटो दाखवला तरी तेच. यावर उपाय एकच: शनिवारी सकाळी गुंजवण्याला जाण्याआधी एक गाडी वेल्ह्यात लावून या. स्वारगेट-वेल्हे एसटी आहे, पण जोडून सुट्टीत उभं राहायलाही जागा नसते, आणि रात्री तिच्या भरवशावर राहू नका.

सोमवारी मढे घाटात गेलो. छान आहे, गाडी जाते. धबधबा बघायचा असेल तर पावसाळ्यात जा.

आयोजकाकडे जाणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा: मुक्काम नक्की कुठे, रांगेच्या शेवटी कोण, वेल्ह्याहून परत कसं. आमच्याकडून माणशी घेतलेल्या पैशांत आम्ही स्वतः गुंजवण्यातला एक वाटाड्या आणि दोन्हीकडच्या गाड्या आरामात केल्या असत्या, शिवाय त्या वाटाड्याला पाणी कुठे आहे हे ठाऊक असतं.