फूल आणि डोंगर

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच सजवलेल्या काठ्या, समोरून गेले आणि माझ्या कॅमेऱ्यात एकही धड आला नाही. नुसते धुरकट पट्टे. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’च्या गजरात मी आपला बटण दाबतोय.

सकाळी आईच्या बाजरीच्या भाकरीवरचे तीळ टिपायला फुलाचं चिन्ह लावलं होतं. मॅक्रो. ते तसंच राहिलं. माझा जुना डिजिटल कॅमेरा त्या मोडवर वीतभर, फार तर हातभर अंतरावरचंच शोधत बसतो. लांबच्यासाठी डोंगराचं चिन्ह, नाहीतर साधा ऑटो. बटण अर्धं दाबून चौकट हिरवी झाली का, एवढंच बघायचं असतं. कोण बघतंय गर्दीत!

मित्र स्क्रीन बघून म्हणाला, “फुलावर ठेवून डोंगर मागालास की बे!”

हसलो, पण ते डोक्यातून जाईना. रात्री फोटो उडवायला बसलो. एकात, अगदी कडेला, खेटून उभ्या असलेल्या आजोबांच्या बाराबंदी अंगरख्याचे बंद आलेत. धागा न् धागा स्पष्ट. एक बंद नव्या कापडाचा, घरीच शिवलेला, टाके जरा वाकडे. दोन तास शेजारी होते ते. मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

नंदीध्वज आज सगळ्या सोलापूरच्या मोबाईलमध्ये असतील. हा फोटो उडवू का ठेवू?