चिमाला पिसवांचं माहीत नाही

माझ्या कुमार कादंबरीतलं गाव पुणे, साल प्लेगचं, १८९७, आणि चिमा अकरा वर्षांची. कसब्यातल्या एका वाड्यात राहते. पहिली काही प्रकरणं भाचीला वाचायला दिली, तर ती चिडली. ‘‘मावशी, मेलेला उंदीर ही शेपटीला धरून उचलते! तिला सांग ना कोणीतरी!’’

पण सांगणार कोण? येर्सिन या शास्त्रज्ञाला १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू सापडला होता खरा. पण उंदरावरची पिसू तो माणसात आणते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि तेही लोकांना पटायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे चिमाच्या वाड्यात कार्बोलिकचं जंतुनाशक शिंपडणाऱ्यांनाही ते ठाऊक नाही. ते भिंतींना चुना फासतात, जमीन उकरतात, अंथरुणं जाळतात. चिमाच्या आजीला एवढंच कळतं की उंदीर पडायला लागले, आता इथे राहू नये. तिचं कारण चूक आहे, पण सल्ला बरोबर आहे. मुलांनी हे दोन्ही एकदम पाहावं असं मला फार वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो झडतीच्या प्रकरणावर. मार्चमध्ये गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. बूट घालून माजघरात, देवघरात. काखेत, जांघेत गाठ आहे का बघायचे, आणि संशयिताला उचलून न्यायचे. चिमाच्या धाकट्या भावाच्या पायात बाभळीचा काटा मोडलाय आणि त्यामुळे जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, आलंय. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे की ते काट्याचं आहे. की नाही? आई त्याला माळ्यावर लपवते, आणि चिमा रात्रभर त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघत राहते. हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा लिहिलं. प्रत्येक वेळी कोणीतरी शहाणं पात्र मध्ये येऊन समजावून सांगू लागायचं. शेवटी ते पात्रच काढलं.

पुण्याचा प्लेग म्हटला की आपल्याकडे गोष्ट थेट २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर पोचते. रँड, चापेकर, गोळ्या. मी कादंबरी मे महिन्यात थांबवणार आहे. चिमाला जून माहीत नाही, आणि तिच्या भीतीला पुढच्या कुठल्या प्रसंगाची प्रस्तावना करायची माझी तयारी नाही.

एक नाव मात्र येणार. आजीच्या हट्टापायी चिमाचं घर गाव सोडून हडपसरच्या बाजूला रानात झोपडी घालून राहतं. तिकडेच डॉक्टर यशवंत फुल्यांचा दवाखाना. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं. पोर वाचलं आणि त्या स्वतः १० मार्चला प्लेगनेच गेल्या. चिमा त्यांना ओळखते, कारण आजीने त्यांना आयुष्यभर नावं ठेवलेली तिने ऐकली आहेत. त्या दिवशी आजी काय बोलते, ते अजून लिहून झालेलं नाही. ती बदलली असं लिहिणं सोपं आहे. पण एका दिवसात सत्तर वर्षांची बाई बदलत नाही, म्हणून सध्या मी तिला फक्त चुलीपाशी बसवून ठेवलंय.

भाचीला पिसवांचं पाहिजेच आहे. ते पुस्तकाच्या शेवटी दोन पानांत, सिमाँच्या नावासकट सांगेन. चिमा मात्र उंदीर उचलणारच.