पंचा, पुठ्ठा आणि जिलेटिन

घरी केलेली पहिल्या खेपेची बिअर मी चक्क पंच्यातून गाळली. विश्रामबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरात, आई बाजारात गेलेली बघून. बिअर आंबवणारं बारीक यीस्ट कसलं अडकतंय फडक्यात! गढूळपणा तसाच राहिला, वर गाळताना हवा मिसळून आठवड्याभरात चव ओल्या पुठ्ठ्यासारखी.

आता दहा लिटरचा कॅन फ्रीजमध्ये २ अंशांवर गार करतो, पाव चमचा जिलेटिन ७० अंशांच्या पाण्यात विरघळवून (उकळायचं नाही) ओततो आणि दोन दिवस हात लावत नाही. गुऱ्हाळात भेंडीच्या चिकाने उसाच्या रसातली मळी वर येते. इथे जिलेटिनला चिकटून गाळ तळाशी बसतो. वरची निवळ नळीने काढायची.

जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं, हे आईला अजून सांगितलेलं नाही.